अमेरिका शिकवणाऱ्या बाई

बाईंचं सत्र पावणेचारला असायचं आणि बाई तीनला यायच्या. यायच्या म्हणजे घरातून हलायच्या नाहीत. मेलबर्नच्या हॉपर्स क्रॉसिंग उपनगरात आपल्या जेवणाच्या टेबलापाशी बसून त्या लॅपटॉप उघडायच्या आणि इकडे ट्रुगानिनात माझ्या स्क्रीनवर, वेटिंग रूममध्ये, त्यांचं नाव उगवायचं. मी आत घेतलं की पहिलं वाक्य ठरलेलं असे.

"माझा आवाज तपासून घ्या."

आवाज तपासायला दहा सेकंद पुरतात. उरलेला वेळ आम्ही दोघी समोरासमोर बसून असायचो.

मी तेव्हा शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत आयटी सपोर्टला होते. इथे शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी काही तास नवीन काहीतरी शिकल्याची नोंद दाखवावी लागते, तर शिकवायचा परवाना पुढे चालू राहतो. पूर्वी त्यासाठी शिक्षक एखाद्या हॉलमध्ये जमायचे, बिस्किटं खायचे आणि सर्टिफिकेट घेऊन घरी जायचे. लॉकडाऊन लागला तसं ते सगळं ऑनलाइन आलं. माणसांना आत घेणं, कुणाचा कुत्रा भुंकला की त्याला म्यूट करणं, हजेरी लावणं आणि रेकॉर्डिंग जपून ठेवणं, एवढं माझं काम. बाईंचा विषय होता अमेरिकेचा इतिहास. इथे मेलबर्नकडे बारावीला 'क्रांत्या' म्हणून एक विषय असतो आणि त्यात बऱ्याच शाळा अमेरिकन क्रांती घेतात. ती वर्गात शिकवायची कशी, हे बाई शिक्षकांना शिकवत.

वय सत्तरीच्या पुढे. पांढरे केस कानापाशी सरळ कापलेले, आणि स्क्रीनवर कायम त्यांचा अर्धाच चेहरा. वरचा अर्धा भाग आणि त्याच्यावर भरपूर छत. "बाई, स्क्रीन जरा पुढे वाकवा, चेहरा दिसत नाही," असं मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

"चेहरा कशाला हवाय? कागद दिसला म्हणजे झालं."

कागदही दिसायचा नाही. तो त्या कॅमेऱ्याच्या इतका जवळ धरायच्या की एखादा शब्द तेवढा वाचता यायचा, तोही पुसट. स्लाइड त्यांनी कधी केली नाही. "स्लाइड म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," असं म्हणायच्या. त्याऐवजी सत्राच्या आधी प्रत्येक शिक्षकाला त्या एका कागदाची प्रत चक्क पोस्टाने पाठवायच्या, पत्ता स्वतःच्या हाताने लिहून. टपाल तेव्हा रखडत होतं. निम्म्या लोकांना कागद सत्र झाल्यावर मिळायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "त्या काळात बातमी समुद्रावरून यायला दोन-दोन महिने लागत," त्या म्हणायच्या. "थोडं थांबायची सवय करा. क्रांती समजेल."

एका सत्राला एकच कागद. कुणाचं मृत्युपत्र, कुणाची घरच्यांना लिहिलेली चिठ्ठी, कुणा दुकानदाराची तक्रार. एका मेलेल्या जमीनदाराच्या घरातल्या वस्तूंच्या यादीवर त्यांनी ओळीने तीन बुधवार घालवले. यादीत पलंग होते, घोडा होता, तांब्याची भांडी होती, आणि भांड्यांच्याच ओळीत एक मुलगी होती. तिचं वय लिहिलेलं होतं, नाव नव्हतं. बाईंनी शिक्षकांना विचारलं, "यादी करणारा माणूस तेव्हा स्वयंपाकघरात उभा असेल. ती मुलगी कुठे उभी असेल?" चाळीस मोठी माणसं गप्प झाली. मी आयटीची मुलगी, पुण्यात इतिहास सनावळ्या पाठ करून पास झालेली. मीसुद्धा हजेरी लावायची विसरले.

आणि मग त्यांचा तो प्रश्न. "लोक चिडले होते," असं कुणी म्हणायचा अवकाश, बाई विचारायच्या, "कोण लोक?" वसाहतीतले लोक, असं उत्तर आलं की पुन्हा, "त्यातले कोण? बायका चिडल्या होत्या? गोदीवरचे हमाल चिडले होते? एक माणूस दाखवा, त्याचा कागद दाखवा, मग बोलू." काही शिक्षकांना हे फार आवडायचं. काहींना बिलकूल आवडायचं नाही. ते कॅमेरा बंद करून बहुधा कपड्यांच्या घड्या करत बसायचे. हजेरी मात्र लागायची.

त्या वर्षी ट्रुगानिनातल्या आमच्या चार खोल्यांच्या घरात मी एकटी होते. भाड्याने घेतलं तेव्हा आम्ही तिघी होतो. एक बहिणीच्या लग्नाला नागपूरला गेली ती विमानं बंद झाल्यामुळे तिकडेच अडकली. दुसरी नोकरी गेल्यावर सिडनीला, स्कोफिल्ड्समध्ये भावाकडे राहायला गेली. आमची वसाहत अगदी नवीन. समोरची तीन घरं अर्धवट बांधून सोडलेली होती आणि त्यांच्यावरचं प्लास्टिक दिवसभर वाऱ्याने फडफडायचं. आईला रोज व्हिडिओ कॉलवर मी काय जेवले ते सांगायचे, आणि बरेचदा न जेवलेलं सांगायचे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मला बोलायचं काही कारण नसायचं. आईचा रात्रीचा कॉल सोडला तर अख्खा मंगळवार तोंडातून शब्द न काढता जायचा. म्हणून बुधवारी तीन वाजता बाईंचं नाव उगवलं की मी आधी घसा खाकरून घ्यायचे. नाहीतर पहिला शब्द फाटका निघायचा.

पहिल्याच बुधवारी माझं आडनाव वाचून त्यांनी विचारलं होतं, "आपण मराठी का?" हो म्हटल्यावर तिथून पुढे इंग्रजी बंद. बाई मिरजेच्या. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचं मराठी त्या निघाल्या त्या वर्षीच थांबलेलं होतं. फोटोला तसबीर म्हणायच्या, पेनाला झरणी. मी निम्म्या वयाची असून मला कधी 'तू' म्हणाल्या नाहीत. उलट त्यांचं इंग्रजी इथल्या पश्चिम उपनगरांत मुरलेलं. टपाल घेऊन आलेल्या माणसाला दारातून "नो वरीज, मेट" म्हणायच्या आणि वळून मला सांगायच्या, "जरा दम धरा, चष्म्याचं घर सापडत नाही."

मी काही बोलले की त्या मधेच थांबवायच्या.

"'भारी' म्हणजे? वजनाला?"

"नाही बाई, भारी म्हणजे छान."

"कधीपासून?"

"मला कळायला लागल्यापासून तरी."

मग एका वहीत लिहून घ्यायच्या. भारी, छान. राडा, गोंधळ. वाट लागणे, हे त्यांना माहीत होतं, पण 'वाट लावून टाकली' हे कौतुकानेही म्हणतात यावर त्यांचा विश्वास बसेना. पुढच्या आठवड्यात मला म्हणाल्या, "कालची आमटी भारी झाली नाही." वाक्य बरोबर आहे का, हे बघण्यासाठी त्या थांबल्या. आमटी नक्कीच बिघडलेली असणार. बाई स्वयंपाकात वाईट होत्या आणि ते त्या अभिमानाने सांगायच्या.

अमेरिकाच का, हे मी एकदा विचारलं. त्या अमेरिकेला कधीच गेल्या नव्हत्या. "मी रोमलाही गेलेले नाही, पण रोमविषयी मत आहे," असं आधी म्हणाल्या. मग थोडं थांबून खरं सांगितलं.

त्या इथे पहिल्यांदा शाळेत लागल्या तेव्हा त्यांना ऑस्ट्रेलियाचा इतिहास दिला होता. दुसऱ्याच आठवड्यात दोन-तीन पालक मुख्याध्यापकांना भेटले. बाईंविरुद्ध त्यांची काही तक्रार नव्हती, फक्त आमचा इतिहास आमच्या मुलांना ह्या बाईंनी शिकवणं बरं दिसत नाही, एवढंच. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्याने बाईंना विचारलं, भारताचा इतिहास शिकवाल का? "मी नाही म्हटलं," बाई म्हणाल्या. "मग मी वर्गात उभी राहिले असते म्हणजे एक प्रदर्शनच. शेवटी कुणालाच नको असलेला अमेरिकेचा तास मला मिळाला. पहिल्या दिवशी वर्गात गेले आणि लक्षात आलं, ही पोरं तिथली नाहीत, मीपण तिथली नाही. त्या खोलीत आम्ही सगळे सारखेच परके होतो. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. तीस वर्षं मग मी तो तास सोडला नाही."

ऑगस्टच्या सुमाराला घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी आली. दिवसातून एक तास बाहेर चालायची मुभा होती, तीही एकाच माणसाबरोबर. बाईंनी रस्त्यांच्या नकाशांचं जुनं जाडजूड पुस्तक काढलं, कंपासने माझं आणि त्यांचं वर्तुळ काढलं आणि मला सांगितलं, "आपली वर्तुळं ओढ्याकाठी एकमेकांना छेदतात. शनिवारी दहाला या."

तो ओढा म्हणजे स्केलेटन क्रीक. मी मास्क लावून उभी होते. समोरून एक अगदी ठेंगणी बाई झपाझप चालत आली. स्क्रीनवर त्यांचं कपाळच बघितलेलं असल्यामुळे मी त्यांना उंच समजत होते. त्यांनी पिशवीतून दोन उकडलेली अंडी आणि कागदाच्या पुडीत मीठ काढलं, बाकावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरकल्या. मी माझं अंडं उचललं, मागे सरकले. मग त्या पुढे आल्या. अशी आमची पहिली भेट. नंतर वाटेच्या दोन कडांनी, मधे माणूस झोपेल एवढं अंतर ठेवून, आम्ही तासभर चाललो. तास संपला तसं त्यांनी घड्याळ बघितलं, "बरं आहे," म्हणाल्या आणि मागे न बघता गेल्या.

आता एका मास्तरची गोष्ट.

त्या वर्षीच्या शेवटच्या टर्मला उत्तरेकडच्या, गहू पिकवणाऱ्या एका गावातला तरुण शिक्षक सत्राला येऊ लागला होता. खेळाचा शिक्षक. शाळेत माणूस नव्हता म्हणून इतिहासाचा वर्ग त्याच्या गळ्यात पडला होता. कॅमेरा चालू ठेवणाऱ्या थोड्यांपैकी तो एक. त्या दिवशी कागद होता एका मोच्याच्या तक्रारीचा. मास्तर उत्साहाने म्हणाला, "लोकांना स्वातंत्र्य हवं होतं."

"कोण लोक?"

"वसाहतीतले. सगळे."

"सगळे? मोच्याने इथे स्वातंत्र्य मागितलंय का? वाचा. काय मागितलंय त्याने?"

त्याने कागद चाळला. त्याला तो मिळालाच नव्हता बहुतेक, काहीतरी दुसरंच चाळत होता. मग हसून म्हणाला, "मला माफ करा. मी पीईचा टीचर आहे. हा वर्ग मला तीन आठवड्यांपूर्वी दिला."

"मग तीन आठवडे तुम्ही मुलांना काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

त्याचं हसू तसंच राहिलं. बाई थांबल्या नाहीत. "मुलं तुमच्यावर विश्वास ठेवतात. तुम्ही 'सगळे' म्हणालात की ती 'सगळे' लिहून घेतात. तुम्हाला माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. त्याला पीई काय आणि इतिहास काय."

मास्तरच्या जागी काळा चौकोन आला. मग चौकोनही गेला. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात उपस्थितांचा आकडा एकाने कमी झाला आणि बाईंनी पुढची ओळ वाचायला घेतली. सत्र संपल्यावर सगळे गेले तरी त्या बसून होत्या.

"जास्त झालं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "थोडं."

"हं," म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

मास्तरने दोन दिवसांनी तक्रार पाठवली. चार ओळींची, साधी. त्यानंतर आमच्या मॅनेजरचा मला फोन आला. माणूस वाईट नव्हता, नेहमी हसत बोलायचा. "तू तिच्या सगळ्या सेशन्सना होतीस ना? मला एक पान लिहून दे. काय चालतं, काय चालत नाही. तुझं नाव नाही टाकणार मी, रिलॅक्स." मग जाता जाता म्हणाला, "आणि हो, तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचंय ना डिसेंबरला. बोलू आपण."

त्याने दोन गोष्टींचा संबंध जोडला नव्हता. तो मीच जोडला.

मी पान लिहिलं. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. उपस्थिती कमी होत आहे, हे खरं होतं. डाउनलोड करता येईल असं साहित्य मिळत नाही, खरं. पोस्टाने कागद वेळेवर पोचत नाहीत, खरं. आणि पान जरा अपुरं दिसत होतं म्हणून मी शेवटी एक ओळ घातली की प्रत्येक सत्राआधी वक्त्याला पाऊण तास तांत्रिक मदत लागते. तीन बुधवार पुरलेली ती यादीतली मुलगी, गप्प झालेली चाळीस माणसं, यातलं मी काही लिहिलं नाही. मला ते इंग्रजीत कसं लिहायचं कळत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

नोव्हेंबरात बाईंचं सत्र बंद झालं. माझं कॉन्ट्रॅक्ट एक वर्षाने वाढलं.

पहिल्या बुधवारी तीन वाजता मी सवयीने लॅपटॉपपुढे बसले. काही झालं नाही. चार वाजता उठले. तोवर बंदी उठत आली होती, लोक समुद्रावर जात होते, पण मला कुठे जावंसं वाटेना. दुसऱ्या बुधवारी तीनला फोन वाजला.

"बाई बोलतेय. खिडकी उघडता का जरा? माझा आवाज तपासायचा आहे."

"पण बाई, सत्र..."

"सत्र नाही, ठाऊक आहे. यंत्र गंजू नये म्हणून."

मी मीटिंग उघडली. अर्धा चेहरा आणि छत. सत्राबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. तिथून पुढे प्रत्येक बुधवारी आम्ही बसलो, मला कामाच्या वेळात जमेल तेवढं.

दुसऱ्या वर्षी, एप्रिल-मे महिन्यांत, भारतातून रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती तेव्हाची गोष्ट. बाईंची धाकटी बहीण मिरजेत वारली. आठ दिवस हॉस्पिटलात होती. जायचा प्रश्नच नव्हता. इथून बाहेर पडायला परवानगी लागत होती, आणि त्या महिन्यात तिकडून परत येणारी विमानंही बंद होती. बाईंनी मला फोन केला तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. "भाचीला तेराव्या दिवशी सगळ्यांना एकत्र बोलवायचंय. तिला ते जमत नाही. तुम्ही खिडकी उघडून द्याल का?"

मी ट्रुगानिनात बसून मिरज, कोल्हापूर, ठाणे, बंगळूर अशा घराघरांतल्या माणसांना एकेक करून आत घेतलं. कुणाच्या मागे कुकरची शिट्टी होत होती. हार घातलेल्या फोटोसमोर समई होती आणि भाची फोन हातात धरून बसली होती. एकेकजण बोलला. काकूंच्या हातची पुरणपोळी, मामींचा आवाज, ताईंनी कुणाची फी भरली होती. मग भाची म्हणाली, "मावशी, आता तू बोल."

बाईंनी कागद लिहून आणला होता. तो त्यांच्या हातात दिसत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी स्क्रीन नीट वाकवली होती, त्यामुळे पूर्ण चेहरा दिसत होता. ओठ हलले नाहीत.

"मावशी, म्यूटवर आहेस," कुणीतरी म्हणालं.

मी त्यांना आवाज चालू करण्याची विनंती पाठवली. त्यांच्या स्क्रीनवर बटण आलं असणार. त्यांनी ते दाबलं नाही. आणखी दोघांनी सांगितलं, मावशी, म्यूटवर आहेस. मी दुसऱ्यांदा विनंती पाठवली नाही. थोड्या वेळाने मीच बोलले, त्यांचं नेटवर्क गेलेलं दिसतंय, आपण पुढे जाऊ. बाईंनी कागदाची घडी घातली आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "सगळे तिच्या हातचं जेवलेले. मी चाळीस वर्षांत तिला किती वेळा भेटले ते सांगायची लाज वाटते. माझ्याकडे तिची पत्रं आहेत. कागदावरून माणूस ओळखायचं मी आयुष्यभर शिकवलं. पण तिथे, त्या सगळ्यांच्यात, मी तिला पत्रांतून ओळखते असं म्हणायचं कसं?"

मी विचारलं, "बाई, जेवलात का?"

"अंडी उकडलीत."

त्याच वर्षी ऑगस्टात पुन्हा लॉकडाऊन, पुन्हा पाच किलोमीटर, पुन्हा ओढा. मला त्या दरम्यान एक ईमेल आला होता. गव्हाच्या गावातल्या त्या मास्तरचा. मोच्याचा कागद हरवलाय, आणखी एक प्रत मिळेल का, अशी त्याने विचारणा केली होती. खाली सहज लिहिलं होतं की गेल्या वर्षी तक्रार केल्याची त्याला लाज वाटते. बाईंनी त्याच्या शाळेच्या ऑफिसातून त्याचा नंबर मिळवून आधी माफी मागितली होती, आणि मग वर्ष संपेपर्यंत दर सोमवारी सकाळी, त्याचा तास सुरू व्हायच्या आधी, फोनवरून त्याला त्या आठवड्याचा धडा शिकवला होता. तक्रार मागे घेतो असं त्याने आमच्या संस्थेला कळवलंही होतं. तोपर्यंत निर्णय झालेला होता.

मला ते वाचून रात्री झोप आली नाही. शनिवारी ओढ्यावर गेले ती ठरवूनच गेले. बाई आल्या. अर्धी वाट चाललो. मी थांबले.

"बाई, तुमचं सत्र बंद झालं, त्याआधी एक पान लिहिलं गेलं होतं. ते मी लिहिलं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या आणि चालत राहिल्या. मला मागून जावं लागलं.

"कसं ठाऊक?"

"मला त्यांनी पाठवलं होतं ना ते. खाली सही नव्हती. निनावी कागद कुणी लिहिला हे शोधणं म्हणजे माझा धंदा. त्या पाऊण तासाबद्दल तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

माझ्या मास्कच्या आत सगळं ओलं झालं. मी म्हटलं, "मी नोकरीला घाबरले. आणि तो पाऊण तास मला मदत म्हणून... म्हणजे मलाच..."

"मराठीत वाक्य पूर्ण करा."

मी केलं. "तो पाऊण तास तुम्हाला नाही, मला लागत होता."

बाई थांबल्या. ओढ्याच्या पलीकडे कुणीतरी मुलाला सायकल शिकवत होतं, तिकडे बघत राहिल्या.

"मग तुम्ही दुसऱ्या बुधवारी फोन का केलात?" मी विचारलं. "सगळं माहीत असताना?"

"पहिल्या बुधवारी नाही केला. फार राग आला होता. आठवडाभर धरून बसले." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण राग धरायला हाताशी माणसं बरीच असावी लागतात. चौघांवर रागवायचं, तर पाचव्याशी बोलायचं. मला तेवढी ऐपत नव्हती."

त्या पुढे निघाल्या. तास संपायला वीस मिनिटं होती, ती आम्ही वाटेच्या दोन कडांनी चाललो. पिशवीतली अंडी त्या दिवशी त्यांनी काढलीच नाहीत. विसरल्या की मुद्दाम, मला कळलं नाही. पुढच्या शनिवारी काढली.

पुढच्या वर्षी सीमा उघडल्या आणि बाई मिरजेला भाचीकडे गेल्या. दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या त्या तिकडेच राहिल्या. हॉपर्स क्रॉसिंगचं घर भाचीच्या नवऱ्याने इथल्या एजंटकरवी विकलं. मिरजेत शेजारच्या मुलांना त्या इतिहास शिकवायला बघतात, पण मुलं इंग्रजीत उत्तरं देतात आणि आजींचं मराठी अवघड आहे म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. आता आमच्या घरातल्या बाकीच्या तिन्ही खोल्या भरल्यात, मीही सिडनीकडच्या, पॅरामॅटातल्या एका कंपनीत लागले, काम ऑनलाइन असलं तरी दिवस धावपळीचा. बाईंचे फोन कमी झाले. खरं तर मीच उचलायचे कमी केले. बुधवारी दुपारी मी बहुतेक मीटिंगमध्ये असते.

त्या गेल्या त्या दिवशी विमानतळावर मी सोडायला गेले होते. गाडीत त्या मागे बसल्या, सवयीने, अंतर ठेवून. मोठी बॅग कागदांनी भरलेली, कपड्यांची पिशवी लहान. चेक-इनच्या रांगेत सगळ्यांना मास्क होते. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी मला मधेच थांबवलं आणि हात पुढे केला, इथल्या लोकांसारखा, शेकहँडला. दोन वर्षांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता. हात अगदी छोटा होता आणि कोरडा, खडूसारखा. त्यांनी तो हलवला नाही. नुसता धरून ठेवला. आमच्या पुढच्या माणसाने बॅग उचलली, रांग सरकली, मागचा कुणी "सॉरी, मेट" म्हणाला, तरी धरून ठेवला. मग काउंटरवरच्या मुलीने त्यांना बोलावलं आणि त्या गेल्या.